आधी व्हॉल्व्ह, मग वायपर: ऑफिस इमारतीतली गळती आणि पूर

शनिवारी रात्री आठला ऑफिस बंद झालं आणि तासाभराने बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला, असं धरा. मिनिटाला २० लिटर हा अशा पाइपसाठी मोठा आकडा नाही. सोमवारी सकाळी आठपर्यंत ३५ तास होतात, म्हणजे ४२,००० लिटर पाणी. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की पाणी आपोआप थांबेल असं वाटतं, पण थांबत नाही. टाकी उतरली की लेव्हल कंट्रोलर इमानदारीने पंप चालू करतो आणि तळटाकीतलं पाणी पुन्हा वर चढवतो.

इमारतीची देखभाल नव्याने अंगावर पडलेल्यांसाठी, मग ते फॅसिलिटी सुपरवायझर असोत, गाळेधारकांच्या समितीतले असोत की एका मजल्यावरच्या ऑफिसचे अ‍ॅडमिन, हा लेख आहे. संदर्भ मुंबई-ठाणे-पुण्याकडच्या इमारतींचा आहे. पंप, केमिकल, वॉटरप्रूफिंग या गोष्टी नंतरच्या. कुठला व्हॉल्व्ह आणि कुठला स्विच बंद करायचा हे रात्रपाळीच्या माणसाला माहीत आहे की नाही, यावर नुकसान किती होणार ते ठरतं.

आधीच करून ठेवायचं काम

प्लंबरला बरोबर घेऊन इमारत तळापासून गच्चीपर्यंत फिरा. एका व्यावसायिक इमारतीत साधारण पाच वेगवेगळ्या उभ्या लाइन असतात: पिण्याचं पाणी, वापराचं पाणी, फ्लशिंग, फायर आणि मोठ्या इमारतीत एसीचं चिल्ड वॉटर. डक्टमध्ये त्या शेजारी-शेजारी असतात आणि धूळ बसली की सारख्याच दिसतात. प्रत्येक मजल्याच्या व्हॉल्व्हवर पत्र्याचा किंवा लॅमिनेट केलेला बिल्ला तारेने बांधा. ‘V-3’ असा कोड नको, ‘तिसरा मजला, पूर्वेचं टॉयलेट, फ्लशिंग’ असं सरळ लिहा. डक्टच्या दाराची किल्ली सिक्युरिटीच्या टेबलावर हवी, मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये नव्हे.

व्हॉल्व्ह नुसते शोधून भागत नाही, ते फिरवून पाहावे लागतात. जुना चाकाचा गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडा राहिला की क्षार बसून जाम होतो. कधी आतली फळी दांड्यापासून सुटते; मग चाक फिरत राहतं आणि पाणीही वाहत राहतं. दर तीन महिन्यांनी प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. जो हलत नाही तो बॉल व्हॉल्व्हने बदला. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपला समांतर असेल तर चालू, आडवा असेल तर बंद, त्यामुळे नवख्यालाही लांबून कळतं.

तळमजल्यावर एका खोलीत हे सामान ठेवा: चार वायपर, ओलं शोषणारा व्हॅक्युम क्लीनर, १ एचपीचा सबमर्सिबल मड पंप आणि त्याला पुरेल एवढा डिस्चार्ज होज, जाड प्लास्टिकची ताडपत्री, दहा बादल्या, दोन टॉर्च, गमबूट, रबरी हातमोजे, पाइप रेंच, टेफ्लॉन टेप, १५ आणि २० मिमीचे एंड प्लग, रबरपट्टीसह पाइप क्लॅम्प. मड पंपाचा बोर्ड ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (करंट गळला की वीज तोडणाऱ्या ब्रेकरवरच) हवा. होजची लांबी आत्ताच मोजून घ्या. पंप आहे पण होज रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत पोचत नाही, हा प्रकार नेहमी ऐन पावसातच उघडकीला येतो.

आरओ फिल्टरकडे वेगळं लक्ष द्या. त्याची बारीक पांढरी नळी आणि पुश-फिट जोड दिवसा ठीक असतात. रात्री इमारतीतला वापर थांबला की लाइनचा दाब वाढतो आणि जोड निसटतो. शेवटी बाहेर पडणाऱ्याने पँट्रीचा अँगल कॉक बंद करायचा, एवढा नियम पुरे आहे. स्टीलच्या जाळीचे कनेक्शन पाइप पाच वर्षांनी सरसकट बदला. जाळी चकचकीत दिसली तरी आतलं रबर कडक झालेलं असतं.

पहिली पंधरा मिनिटं

१. पाण्यात पाय घालण्याआधी वीज बघा. फ्लोअर सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, टेबलाखालचा यूपीएस यांच्यापर्यंत पाणी पोचलं असेल तर त्या मजल्याचा पुरवठा इलेक्ट्रिकल डक्टमधून तोडा. पॅनेलसमोरच पाणी साचलं असेल तर तिथे उभं राहून स्विच पाडू नका; वरच्या पातळीवरून, म्हणजे मीटर रूम किंवा सबस्टेशनमधून, बंद करून घ्या.

इथे दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. मेन पाडला की एएमएफ पॅनेलला (वीज गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलला) वीज गेली असं वाटतं आणि जनरेटर काही सेकंदांत स्वतः सुरू होऊन त्याच ओल्या मजल्यावर पुन्हा वीज सोडतो. म्हणून आधी जनरेटर ‘ऑफ’वर टाका, मग मेन पाडा. दुसरी गोष्ट यूपीएसची. तो बॅटरीवर चालू राहतो आणि सॉकेटमध्ये २३० व्होल्ट देत राहतो, त्यामुळे त्याचा आउटपुट स्वतंत्रपणे बंद करावा लागतो. गच्चीवर सोलर असेल तर त्याच्या केबलमध्ये दिवसा विजेचा दाब असतोच.

२. व्हॉल्व्ह बंद करा. नेमका सापडला नाही तर शोधत बसू नका. टाकीचा आउटलेट बंद करून पंपाचा स्विच काढा. सगळी इमारत तासभर कोरडी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

३. पाणी पॅसेजमध्ये आलं असेल तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन, रिकामी आहे याची खात्री करून बंद करा. पाणी शाफ्टमधून खाली पिटमध्ये पडतं आणि तळाला उभी असलेली लिफ्ट त्याखाली सापडते.

४. पाणी कुठे ढकलायचं ते ठरवा. हाउसकीपिंगची माणसं वायपरने पाणी जवळच्या उताराला लावतात, आणि तो उतार बहुधा लिफ्ट लॉबीचा किंवा जिन्याचा असतो. इलेक्ट्रिकल डक्टच्या दारात ओली फडकी किंवा वाळूच्या गोण्या टाकून ते आधी अडवा, कारण आत सगळ्या मजल्यांना वीज देणारी रायझिंग मेन असते. मग पाणी टॉयलेटमधल्या नहाणी ट्रॅपकडे न्या.

५. खालच्या मजल्याला फोन करा. त्यांना अजून काहीच दिसत नसेल, पण छतात पाणी जमत असतं.

६. फॉल्स सीलिंगला पोट आलं असेल तर त्याखालून माणसं आणि मशिन हलवा. एक चौरस मीटरवर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो वजन. भिजलेला जिप्सम बोर्ड इशारा न देता अख्खा खाली येतो. त्या भागातल्या दिव्यांची वीज बंद केल्यावर बाजूला उभं राहून, लाकडी मूठ असलेल्या लांब काठीला लावलेल्या टोच्याने पोटाच्या कडेला लहानसं भोक पाडा; खाली बादली आधीच ठेवा.

हे सगळं चालू असताना एकाने फक्त फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत. त्याचं कारण शेवटी येईल.

पाणी स्प्रिंकलरचं असेल तर

शिडी लागली, सुताराचा प्लाय आदळला, कुणी हँगर अडकवला, की हेडची काचेची नळी फुटते. लाल नळी ६८ अंशांना फुटण्यासाठी असते, पण धक्क्यालाही ती तितकीच नाजूक. एका हेडमधून दाबाप्रमाणे मिनिटाला ८० ते १५० लिटर पाणी येतं आणि पहिलं पाणी काळं, कुजकट वासाचं असतं, कारण ते पाइपात वर्षानुवर्षं साचलेलं असतं. घाबरून कुणी सांडपाण्याची लाइन फुटली असं ठरवतं आणि भलताच व्हॉल्व्ह शोधू लागतं.

आधी आग नाही याची डोळ्यांनी खात्री करा. मग त्या मजल्याचा झोन कंट्रोल व्हॉल्व्ह बंद करा आणि त्याच्याजवळचा ड्रेन उघडा, म्हणजे पाइपातलं उरलेलं पाणी डक्टमधल्या ड्रेन पाइपात उतरेल. त्यानंतर पंप रूममध्ये जाऊन मेन फायर पंप हाताने थांबवा. जॉकी पंप, म्हणजे लाइनचा दाब टिकवणारा छोटा पंप, दाब भरला की स्वतः थांबतो. मेन पंप मुद्दामच तसा बनवलेला नसतो. हेड बदलताना त्याच अंशांचं आणि त्याच प्रकारचं बसवा. काही स्पेअर हेड आणि त्यांचा खास पाना पंप रूममधल्या पेटीत असायला हवा. झोन बंद असेपर्यंत त्या मजल्यावर एक माणूस अग्निशामक घेऊन फिरता ठेवा आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहा. बंद राहून गेलेला झोन व्हॉल्व्ह हा गळतीपेक्षा मोठा धोका आहे.

हळू गळती: डाग इथे, उगम तिथे

खरी डोकेफोड इथे आहे. स्लॅबमध्ये पाणी सळईच्या, वायरिंगच्या पाइपच्या, कोब्याच्या कडेने सरकतं आणि पाच-सहा मीटर लांब जाऊन टपकतं. त्यामुळे डागाच्या बरोबर वर फोडाफोड सुरू करणं म्हणजे पैसे वाया. आठवडाभर फक्त वेळ लिहा: गळती कधी वाढते, कधी थांबते.

रात्रंदिवस सारखी असेल तर दाबाची लाइन. ऑफिसच्या वेळातच असेल तर ड्रेनेज किंवा टॉयलेट. पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांनी येऊन, उघडीप पडल्यावरही दोन दिवस रेंगाळत असेल तर गच्ची किंवा भिंत. एसी चालू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने येत असेल तर पुढचं काहीच तपासू नका, सरळ एसीच्या ड्रेनकडे जा.

एसीच्या गळतीला लोक उगाच प्लंबरला बोलावतात. ट्रेच्या तोंडाशी शेवाळ आणि धुळीचा चिकट गोळा बसतो, पाणी ट्रेवरून उलटतं. ड्रेन पाइपला मीटरमागे किमान १ सेंटिमीटर उतार हवा. छतात दुसऱ्या कुणी केबल ट्रे टाकताना पाइप वर उचलला गेला की उतार संपतो. एएचयूच्या (सेंट्रल एसीची थंड हवा सोडणाऱ्या मशिनच्या) ड्रेनला यू-ट्रॅप नसेल तर पंख्याची ओढ पाणी आतच धरून ठेवते आणि मशिन बंद करताक्षणी ते एकदम सांडतं. ‘सहा वाजता गळतं’ अशी तक्रार असेल तर हेच कारण आधी तपासा. चिल्ड वॉटर पाइपच्या इन्शुलेशनला चीर पडली असेल तर पाइप घामेजतो. तिथे फुटलेलं काहीच नसतं. चीर चिकटवून वरून बाष्परोधक टेप लावली की काम झालं.

दाबाच्या लाइनसाठी सोपी चाचणी: रात्री सगळे नळ बंद असताना टाकीचा इनलेट बंद करा, पातळीची खूण करा, तासाने पाहा. २ बाय ५ मीटरच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली तर १०० लिटर गेले. मग एकेक आउटलेट बंद करून तीच चाचणी करा; ज्या लाइनने उतार थांबतो ती दोषी. हायड्रॉलिक पंपाने दाब देऊन तपासायचं असेल तर नव्या लाइनला कामाच्या दाबाच्या दीडपट द्या. वीस वर्षांच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनला मात्र नेहमीच्याच दाबावर तपासा, नाहीतर धडधाकट जोडही फुटतील.

टॉयलेटसाठी रंग वापरा. एका टॉयलेटच्या नहाणीत लाल खाण्याचा रंग, दुसऱ्यात हिरवा, आणि खाली ४८ तास लक्ष. संकन स्लॅबमधला (टॉयलेटखालच्या खोलगट स्लॅबमधला) भराव आधी स्वतः पाणी पितो, म्हणून रंग उशिरा उतरतो. दोन तासांत काही दिसलं नाही म्हणून टॉयलेट निर्दोष ठरवू नका. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटरही कामाला येतो. मुंबईच्या धरणांचं पाणी गोडं असतं आणि बोअरचं सहसा बरंच खारं, त्यामुळे फ्लशिंगला बोअर वापरणाऱ्या इमारतीत टपकत्या पाण्याचा आकडा बरंच सांगून जातो. पाणी काँक्रीटमधले क्षारही घेऊन येतं, तेव्हा हा अंदाज समजा, पुरावा नव्हे.

काचेच्या दर्शनी भागातून फक्त तिरप्या पावसात गळत असेल तर होजने तपासा, पण खालून वर. एका सांध्यावर पाच-दहा मिनिटं पाणी धरा, आत माणूस उभा करा, मग वरच्या सांध्याकडे जा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळे सांधे भिजवतो आणि काहीच कळत नाही. दोन इमारतींमधला एक्स्पान्शन जॉइंट गळत असेल तर त्यात सिमेंट भरू देऊ नका. तो सांधा हलण्यासाठीच आहे, पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा चिरेल. फोमची दोरी आत बसवून वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, आणि सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी.

खालून छताला वॉटरप्रूफ रंग मारून देतो म्हणणारा कंत्राटदार परत पाठवा. ग्राउटिंगचंही, म्हणजे भेगांत दाबाने द्रव भरण्याचंही, तसंच: वरचा उगम चालू असताना खालून इंजेक्शन दिलं की पाणी शेजारच्या गाळ्यात निघतं, आणि मग भांडण समितीत येतं.

गच्ची, मे महिन्यात

१०,००० चौरस फुटांच्या गच्चीवर तासाला ५० मिमी पाऊस पडला तर तासाला सुमारे ४६,००० लिटर पाणी खाली न्यायचं असतं. गच्चीवरचा पाणी उतरवणारा एक आउटलेट पिशवीने बंद झाला की काय होईल ते वेगळं सांगायला नको. आउटलेटवर सपाट जाळी नको, घुमटाकार हवी. सपाट जाळीवर एक पान पुरतं. पॅरापेटमधून फरशीच्या ७५ ते १०० मिमी वर एक ओव्हरफ्लो पाइप काढलेला असावा. त्यातून पाणी पडताना दिसलं की खाली उभ्या वॉचमनलाही आउटलेट तुंबल्याचं कळतं.

कोबा फुटण्यामागे बऱ्याचदा एसीचे आउटडोअर युनिट, सोलरचे पाय, बॅनरचे अँगल यांचे अँकर बोल्ट असतात. कोब्यात ड्रिल करायला लेखी मनाई करा. स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवता येतात. शंका असेल तर आउटलेट बुजवून २५ मिमी पाणी २४ ते ४८ तास ठेवा आणि खालून पाहा. भिंत आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यातली गोलाई, म्हणजे मिस्त्री ज्याला वाटा म्हणतात ती, सुटली असेल तर तिथे आधी ओल दिसते.

बेसमेंटमध्ये पाणी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तेवढा रोज पडत नाही, पण बेसमेंट बुडायला तेवढा लागतही नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की नाल्यातलं पाणी समुद्रात जात नाही, मागे सरकतं आणि तुमच्याच बेसमेंटच्या ड्रेनमधून वर येतं. रॅम्पवर गोण्या रचून लोक निवांत असतात आणि पाणी मागून शिरतं. म्हणून बाहेर जाणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा आणि त्यात कचरा अडकलेला नाही हे मे महिन्यातच बघायला हवं. मुंबई पालिका पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. ती यादी सिक्युरिटीच्या टेबलावर चिकटवा. शेजारी तिच्या आपत्ती कक्षाचा १९१६ क्रमांकही लिहा.

सहा मीटर रुंदीच्या रॅम्पवर ४० सेंटिमीटर उंच बांध घालायला साधारण १०० ते १२० गोण्या लागतात. गोणी दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलेली गोणी दबत नाही आणि फटी राहतात. विटांसारखे सांधे चुकवून रचा, बाहेरून ताडपत्री लावा.

संप पंप, म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात जमणारं पाणी उपसणारे पंप, दोन हवेत, एक चालू आणि एक राखीव, आणि दोन्ही जनरेटरवर. त्यांचं पॅनेल बेसमेंटच्या भिंतीवर असेल तर ते तळमजल्यावर हलवा. पंप पाण्याखाली चालतो, स्टार्टर नाही. महिन्यातून एकदा फ्लोट हाताने उचलून पंप सुरू होतो का बघा. डिस्चार्ज कुठे जातो तेही बघा. तुंबलेल्या चेंबरमध्येच सोडला असेल तर तेच पाणी गोल फिरत राहतं.

पाणी चढू लागलं की आधी माणसं. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये कोचिंगच्या बेसमेंटमधल्या ग्रंथालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. गाडी काढायला म्हणून कुणालाही खाली सोडू नका. बुडालेली गाडी नंतरही स्टार्ट करायची नाही, टो करायची.

उपसताना हिशोब मांडा. १,००० चौरस मीटरमध्ये ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे तीन लाख लिटर. मिनिटाला २०० लिटरच्या एका पंपाला २५ तास लागतील. पेट्रोल-डिझेलचा पंप रॅम्पच्या वर, उघड्यावर ठेवा. बेसमेंटमध्ये त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो. बाहेर जमीन अजून पाण्याने भरलेली असेल आणि भिंती जुन्या विटांच्या असतील तर एका दमात रिकामं करू नका. फूटभर उतरवा, खूण करा, रात्रभर पातळी पाहा. पुन्हा चढली तर बाहेरचा दाब उतरेपर्यंत थांबा. एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) टाकीत किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, दोरी बांधूनही नाही. २०१३ च्या कायद्याने गटारं आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यावर बंदी आहे, आणि तिथल्या वायूने मरायला दोन श्वास पुरतात.

पुराच्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने, विशेषतः पायाला जखम असेल तर, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) प्रतिबंधक गोळी घ्यावी.

वाळवणं आणि पुन्हा चालू करणं

जुलैत खिडक्या उघडून काही वाळत नाही, बाहेरची हवाच दमट असते. खिडक्या बंद करा, डीह्युमिडिफायर किंवा एसी ड्राय मोडवर लावा आणि पंखे जमिनीलगत फिरवा, अर्थात तिथली वीज तपासून झाल्यावर. पहिल्या ४८ तासांत वाळलं नाही तर बुरशी धरते. कार्पेट टाइल उचला. जिप्समचं पार्टिशन पाण्याच्या रेषेच्या ३० सेंटिमीटर वरपर्यंत कापा आणि आतली भिजलेली लोकर फेका. सांडपाणी आलं असेल तर कार्पेट, फोमच्या खुर्च्या, प्लाय काहीच वाचवत बसू नका.

बुडालेले एमसीबी, एमसीसीबी (लहान-मोठे सर्किट ब्रेकर) बदलायचेच. ते वाळले तरी ऐन वेळी ट्रिप होतील याचा भरवसा नाही. मोटर वाळवून वापरता येते. केबल आणि मोटर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासा. १ मेगाओमच्या खाली आकडा असेल तर वीज सोडू नका. भिंतीला रंग मॉइश्चर मीटरने कोरडी दाखवल्यावरच.

तळटाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती रिकामी करून घासून घ्या. पुन्हा भरताना १०,००० लिटरला २५ टक्के क्लोरिनची ब्लीचिंग पावडर २ किलो, बाहेर बादलीत कालवून, निवळी ओता. टाकी आणि लाइन दोन्ही त्याच पाण्याने भरून १२ तास ठेवा, मग सगळं सोडून द्या आणि ताज्या पाण्याने धुवा. तोपर्यंत नळांवर ‘पिऊ नये’ अशी पाटी.

विम्याचं काम पहिल्याच दिवशी सुरू होतं. कंपनीला लगेच ईमेल करा, कारण फोनची नोंद राहत नाही. नेहमीच्या अग्नी पॉलिसीत पूर आणि टाकी-पाइप फुटणं बहुधा असतं. हळूहळू झिरपलेल्या ओलीचा दावा मात्र सहसा फेटाळला जातो. त्यामुळे पाणी अचानक आलं हे दाखवणारे वेळेचे फोटो, फुटलेला पाइप आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग जपा. नुकसान वाढू नये म्हणून उपसणं, वाळवणं थांबवायचं नाही. ते करण्याची अपेक्षा तुमच्याकडूनच असते. भिजलेला माल एका कोपऱ्यात यादी करून ठेवा आणि सर्व्हेअरने बघितल्याशिवाय भंगारवाल्याला बोलावू नका. सांडपाण्याने घाण झालेला माल ठेवणं शक्यच नसेल तर फोटो, वजन आणि सर्व्हेअरची ईमेलवर परवानगी घेऊन मगच हलवा.